अंबाड्यातली चावी

पाइपाच्या त्या टोकाला ती आणि ह्या टोकाला मी. तिनं भाजीचा चमचा उलटा धरला, पाइपावर टक् केलं आणि ओरडून विचारलं, "उनं का?"

आलं का, असं विचारत होती. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणीच. मी पाइपाच्या उघड्या तोंडावर तळहात दाबून धरला होता.

"उनं," मी म्हटलं.

"नीट सांगा. खरंच उनं, का चहानी घाई शे?"

"उनं म्हटलं ना एकदा!"

"मग सोडा."

मी हात सोडला. तिनं चमचा कमरेला खोचला, चावी अंबाड्यात खुपसली, झोक्याची फळी पदरानं पुसली आणि बसली. पहिली बैठक तिची, हा तिचा कायदा होता. तिनं अंग टाकून झोका घेतल्याशिवाय गल्लीतल्या कोणत्याही बाईनं फळीला हात लावायचा नाही. ती चांगली वजनदार बाई होती. तिला झेपला तो झोका कोणालाही झेपायचा. दोनचार हेलकावे घेतले, वर पाइपाकडे मान करून ऐकलं, आणि उतरली. म्हणाली, "चला, भाकरी टाकते."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. उभ्या जन्मात कधी घेतलं नाही, आता ती नसताना काय घेऊ. गल्लीतले लोक तिला झोकेवाली मावशी म्हणायचे, तेवढं पुरे.

चमच्याचं आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा-म्हातारी येडे होते. येडी ती होती, मी नव्हतो. मी सारी उमर सुरतला लिंबायतमध्ये पावरलूम चालवले. लूमवाल्याचे कान राहत नाहीत, माझेही राहिले नाहीत. समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं समजतो. पण हाताला सगळं कळतं. लूम बिघडायचा तर मला आवाजावरून नाही, फ्रेमवर हात ठेवून कळायचं. ते तिनं बरोबर हेरलं होतं. दोन पाइपांचा जोड नीट बसला असेल तर एका टोकाला मारलेली टिचकी दुसऱ्या टोकाला पोचते, तळहाताला मुंगी आल्यासारखं होतं. जोड ढिला असेल तर टिचकी मधेच मरते. तिला ते कानानं कळायचं, तरी ती माझा हात लावून घ्यायची. म्हणायची, "मना कान खोटं बोलतील, तुमना हात नाही बोलणार."

आता जोड कसला, ते सांगतो. पर्वत पाटियाकडे एक लहान कारखाना होता. साड्यांच्या दुकानांत ते चकचकीत पाइपांचे स्टँड असतात ना, ज्यावर साड्या लटकवतात, ते तिथं बनत. त्या पाइपांना वेल्डिंग नसतं. दोन पोकळ पाइप तोंडाला तोंड लावायचे आणि आत एक लोखंडी गट्टू घालायचा, अर्धा ह्यात, अर्धा त्यात. गट्टू उभा चिरलेला असतो, त्याच्या दोन फाका. मधे स्क्रू. पाइपाच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यातून चावी घालून स्क्रू फिरवला की फाका एकमेकीपासून लांब सरतात आणि पाइपाला आतून दाबून धरतात. बाहेरून काही दिसत नाही, केसाएवढी रेघ दिसते. उलटा फिरवला की फाका जवळ येतात आणि पाइप सुटे. कारखान्यात त्याला एक्सपांडर म्हणत. ती त्याला बेडूक म्हणायची. पावसाळ्यात बेडूक फुगतो तसा हा फुगतो, म्हणून.

ती तिथं बेडूक भरायला होती. फाका जुळवायच्या, स्क्रू घालायचा, रबराची रिंग चढवायची, डब्यात टाकायचं. बायका हे काम गप्पा मारत करायच्या आणि घरी जाऊन विसरायच्या. ही विसरली नाही. डाग पडलेला, घासलेला माल शेठ फेकून द्यायचा, तो ही मागून आणायची. आमच्या घरात डाळीच्या डब्याशेजारी बेडकांचा डबा असायचा.

आणि ती चावी. सहा कोनांची, काटकोनात वाकलेली, ॲलन-की म्हणतात ती. सगळ्या जगात मिस्त्री लोक ती खिशात ठेवतात. ही अंबाड्यात ठेवायची. लग्नाला जाताना पैठणी नेसायची, गजरा माळायची आणि गजऱ्यातून ते काळं लोखंड बाहेर डोकवायचं. माझी धाकटी बहीण उधन्याला राहते, ती तर कपाळावर हात मारून घ्यायची. "वहिनी, निदान हळदीकुंकवाला तरी काढत जा ना." ही म्हणायची, "का? तुमना दादा मंगळागौरीले बी चष्मा घालीसनच बसतस ना?" ह्यात चष्म्याचा काय संबंध, ते मला आजपर्यंत कळलं नाही. पण बहीण तिचा गजरा नीट करायला लागली.

एकदा पोराच्या लग्नाची साडी घ्यायला मोठ्या दुकानात गेलो. एसी, गाद्या, थंड पाणी. सेल्समन साड्यांमागून साड्या उलगडतोय आणि हिचं साड्यांकडे लक्ष नाही. बाजूच्या स्टँडला टिचकी मारतेय. एक टिचकी मारली, तोंड वाकडं केलं. दुसरी मारली. मग सरळ अंबाड्यातून चावी काढली आणि स्टँडच्या पोटात घातली.

"माजी, ये क्या कर रहे हो?" सेल्समन धावला.

"तुमना बेडूक मरेल शे," ही म्हणाली.

तो बिचारा राजस्थानी होता. बेडूक मेला हे त्याला कोणीतरी हिंदीत सांगितलं, मग तो साड्यांखाली बेडूक शोधायला लागला. वॉचमन आला. ह्या गोंधळात हिनं स्क्रू आवळला, टिचकी मारली, खूश झाली आणि पहिली दिसली ती साडी उचलून म्हणाली, हीच. तो भडक पोपटी रंग सूनबाईनं एकदाच नेसला. तिची चूक नाही. कोणीच नेसला नसता.

कोणी म्हणेल तिला सगळं येत होतं. काही नाही. टीव्हीचं स्टँड बनवलं तर ते महिनाभरात डावीकडे कललं. मी म्हटलं, "अगं, बातम्यावाला पडी ऱ्हायना." ती म्हणाली, "तुम्हीच तिरपे बसेल शेत." आणि कबूल केलं नाही ते नाहीच. आम्ही दोघांनी सबंध उन्हाळा मान वाकडी करून टीव्ही बघितला. शेवटी स्टँड पडलं, टीव्ही फुटला, तेव्हा म्हणाली, "बरं व्हयनं. डोळे बी खराब होत व्हते."

तिचं एकच बोलणं घरात कायम चालायचं. "जे खोलता येत नाही ते घरात आणू नका." म्हणजे वेल्डिंग नाही, फेविकॉल नाही, भिंतीत खिळा नाही. आमचा पलंग, कपडे वाळवायचं स्टँड, पाण्याच्या पिंपाचा घोडा, देवघराचे पाय, सगळं पाइपाचं आणि बेडकांचं. दर दिवाळीला ती सगळं खोलायची, घासायची आणि वेगळीकडे मांडायची. दहा बाय बाराची खोली, पण दर दिवाळीला नवी. मी रात्रपाळी करून यायचो आणि जुन्या जागी पलंग समजून जमिनीवर बसायचो.

हे खूळ कुठून आलं, मला ठाऊक आहे. लग्नात तिच्या बापानं लोखंडी पलंग दिला होता. गरीब माणूस, पण पलंग असा भक्कम की चार माणसं उचलतील. आम्ही सुरतला आलो तेव्हा पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. जिना अरुंद, पलंग जिन्यातून जाईना, म्हणून दोर लावून बाहेरून गॅलरीतून वर घेतला. सगळी चाळ बघायला जमली होती. पुढं घरमालकानं गॅलरीला जाळी बसवली. आणि त्याच्याही पुढं आम्हाला खोली सोडायची वेळ आली. पलंग जिन्यातून उतरेना, जाळीतून निघेना. मालक गॅस-कटरवाल्याला घेऊन आला. तिचा बाप तोपर्यंत वारला होता. पलंगाचे चार तुकडे होईस्तोवर ती तिथंच उभी होती. ठिणग्या उडत होत्या, मी म्हटलं बाजूला हो, ती झाली नाही. तुकडे भंगारवाल्यानं नेले. रडली वगैरे नाही. पण त्यानंतर कापायचा शब्द काढला की तिचं तोंड बदलायचं. भाजी कापायला मी बसलो तर तेवढं चालायचं.

खाडीचं पाणी आमच्या गल्लीत शिरतं, लिंबायतच्या लोकांना सांगायला नको. एका पावसाळ्यात ते उंबऱ्याच्या वर चढलं. शेजारीपाजारी सामान डोक्यावर घेऊन कुठं जावं म्हणून बघत होते. हिनं काय करावं? पलंगाच्या चारी पायांना खालून अजून पाइप जोडले. बेडूक घालायची, आवळायची, टक् करायची, उनं का, उनं, पुढचा पाय. पलंग इतका उंच झाला की वर बसलं की पत्र्याला डोकं लागायचं. त्यावर आम्ही दोघं, पोरगा, शेजारची बाळंतीण, तिचं बाळ, स्टोव्ह आणि कोणाची तरी शेळी. शेळी कोणाची ते पाणी उतरल्यावर कळलं. शेळी सारखी बेडकाचं भोक चाटत होती आणि ही तिला ओरडत होती, "अगं, तेल शे ते, पोट बिघडेल!" बाळंतीण हसून हसून दमली. पूर असला तरी त्या पलंगावर लोक असे हसत होते की खालच्या पाण्यातून जाणारे वर बघायचे.

आता झोक्याचं.

आमच्याकडे अखाजी म्हणजे बायकांचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खाऊनपिऊन चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. सुरतमध्ये माहेर कुठलं आणि झाड कुठलं. कोणाचा नवरा सुट्टी घेत नाही, कोणाचं माहेरच उरलेलं नाही. आमच्या गल्लीत धुळ्याच्या, चोपड्याच्या, नंदुरबारच्या बायका अखाजीला दारात बसून मिरच्या निवडायच्या. एका अखाजीला ही बघत राहिली. पुढच्या अखाजीला गल्लीत पाइपाचा झोका उभा राहिला. दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकून दोन दोन पाय, वरून आडवा पाइप, मधे दोर आणि फळी. पाय लांब लागतात आणि घर लहान, म्हणून प्रत्येक पाय दोन तुकड्यांचा, आडवा पाइपही दोन तुकड्यांचा, मधे बेडूक. चार दिवस गल्ली झोक्याची. सायकल, स्कूटर बाजूनं वाकून जायची. सण झाला की सगळं खोलून, जुन्या लुगड्यात बांधून पलंगाखाली.

बायका दुपारी काम आटोपून यायच्या. पुढं पुढं विदर्भातल्या, मराठवाड्यातल्याही यायला लागल्या, ज्यांच्याकडे अखाजीला झोका नसतोच. एक वऱ्हाडातली सून नवीनच लग्न होऊन आली होती, गल्लीत कोणाशी बोलायची नाही. हिनं तिला हाताला धरून आणलं. ती म्हणे, "मावशी, आमच्यात नसते हे." ही म्हणाली, "तुमच्यात नसते, आमच्यात शे. बठ." ती पोरगी बसली, आणि मग उतरेचना. रांगेतल्या बायका शिव्या द्यायला लागल्या. चार दिवसांत तिला सगळ्यांची नावं पाठ झाली.

आमचा पोरगा वेल्डिंगवाला आहे. हो, तिचाच पोरगा. कतारगामला त्याचं ग्रिल-दरवाजाचं दुकान आहे, राहतोही तिकडेच. लहानपणापासून गुजराती पोरांत वाढला, आमच्याशी बोलताना अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. अहिराणी कळते, बोलत नाही, लाज वाटते. तो दर अखाजीला सांगायचा, "मम्मी, छोड ने आ बधुं. एकदाच वेल्ड मारून देतो. बारा महिने उभा राहील."

"रोजना झोकावर कोन बठस?" ती म्हणायची. खरं तर त्याला लागायचं. सगळ्या लिंबायतमध्ये त्याचे दरवाजे, आणि आईच्या घरात त्याच्या हातचा एक स्क्रूसुद्धा नाही. पण त्याच्या पाठीमागं ती बायकांना सांगायची, "मना पोऱ्यानं वेल्डिंग बघा. नख फिरवा, रेघ लागणार नाही." तोंडावर मात्र कधी नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मला चावीला हात लावायची बंदी होती. कारण सांगतो. एकदा झोका लावताना ती चहा ठेवायला आत गेली आणि मी म्हटलं, एवढा एक पाय आपण आवळू. लूमवाल्याचा हात. आवळला, आणखी आवळला, मग अंगात आलं म्हणून आणखी. बेडूक एवढा फुगला की पाइपालाच गाठ आली, जशी म्हाताऱ्याच्या बोटाला येते. स्क्रू आत गच्च. सण झाल्यावर ती खोलायला गेली तर तो जोड खुलेना. तेल घातलं, ठोकलं, पोरगाही येऊन बघून गेला. नाहीच. तो पाय कायमचा एकच लांब पाइप होऊन बसला.

"तुमना हात म्हणजे चिमटा शे," ती म्हणाली. "आजपासून चावी मनापाशी. तुम्ही नुसतं धरायचं."

"अगं, एकदा चुकलं."

"आणि ठेवाल कुठं? तुम्हले ना केस, ना अंबाडा. ते कान शेत, पण ते आता चावी अडकवायलेच कामना."

तो लांब पाय घरात मावेना. पलंगाखालून दाराबाहेर हातभर यायचा. येणाराजाणारा अडखळायचा. सून म्हणाली, मम्मी, तुमचाच नियम आहे, खोलता येत नाही ते घरात नको, ह्यांना सांगते, ग्रिलकटरनं गाठ उडवून देतील. मला वाटलं आता काढेल बाहेर. ही म्हणाली, "राहू दे. ते ह्यास्नी जोडेल शे." आणि बाहेर आलेल्या टोकाला पायपुसणं वाळत घालायला लागली. किती वर्षं तो पाइप तसाच होता. अखाजीला झोका लावताना त्या गाठीवरून बोट फिरवून नव्या बायकांना दाखवायची, "हे बघा, हे आमच्या मालकानं काम." बायका हसायच्या, मीही हसायचो.

त्या सकाळी चहाचा वास आला नाही. भांड्यांचा आवाज मला तसाही येत नाही, मी वासावर उठतो. उजाडलं होतं. बाजूला बघितलं, हात लावला. माझ्या हाताला सगळं कळतं, म्हटलं ना.

डॉक्टर येऊन गेला. झोपेतच गेली म्हणाला. कतारगामहून पोरगा-सून आले, उधन्याहून बहीण आली. गल्ली जमली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मी ओट्यावर बसून होतो. लोक काहीतरी बोलत होते, मी ओठांकडे बघत नव्हतो.

मग बघितलं तर सगळे झोक्याकडे हात दाखवत होते.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शववाहिनी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तिथपर्यंत खांद्यावर न्यायचं. आणि मधे झोका. भिंतीपासून भिंतीपर्यंत. लोटून बाजूला घ्यायचा तर गल्लीला बाजू कुठं आहे. कोणीतरी म्हणालं, फळी वर बांधा, खालून नेऊ. तर म्हाताऱ्या बायका उठल्या. झोक्याखालून तिरडी गेली तर त्यावर पुन्हा कोणी बसेल का? परवा अखाजी आहे. ह्या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही, झोका गेला म्हणून समजा. माझी बहीणही तेच म्हणाली, वहिनीला तिच्याच झोक्याखालून नका नेऊ.

पोरगा स्कूटरवरून कटर घेऊन आला होता. वायर शोधत होता. माझ्यासमोर उकिडवा बसला, ओठ नीट हलवत म्हणाला, "पप्पा, कापी नाखुं छुं. दोन मिनिट. नंतर मी नवा बनवून देईन."

मी म्हटलं, "कापायचं नाही."

"पप्पा, आत्ता कोण खोलणार? मम्मीच खोलायची ना."

मी उठून आत गेलो. बायका बाजूला झाल्या. तिचे केस विंचरून नीट बांधलेले, फुलं लावलेली.

"चावी कुठं आहे?" मी बहिणीला विचारलं.

"कसली चावी, दादा?"

"अंबाड्यातली."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, वाटलं असेल ह्याचं डोकं फिरलं. मग कोनाड्यातून काढून दिली. बांगड्यांशेजारी ठेवली होती. चावीला तिच्या खोबरेल तेलाचा वास होता.

खाली दोन तरणे लोक पाइप धरायला उभे केले आणि मी चावी भोकात घातली. उलटं फिरवायचं तरी जोर लागतो, आणि माझा जोर म्हणजे काय, ते त्या गाठीवर लिहिलेलंच होतं. एकाही बेडकाचा स्क्रू तुटला तर पोरगा कटर चालवणार, त्याचंही बरोबर होतं, तिला किती वेळ तसं ठेवायचं. ती कशी करायची, आठवायचा प्रयत्न केला. एवढी वर्षं समोर उभा होतो, पण मी पाइप बघायचो, तिचा हात कधी बघितला नव्हता. मग आठवलं, ती आधी चावी नुसती घालून थांबायची. पाइपाला गाल लावायची. मीही लावला. थंड होता. मग जरासं फिरवलं, थांबलो. जरासं, थांबलो. फाका सुटल्या ते मला गालाला कळलं.

आडवा पाइप उतरला. एका बाजूचे पाय खोलले. दुसऱ्या बाजूला माझा तो गाठीचा पाय, त्याला आतल्या बाजूला सरकवून भिंतीशी उभा धरला. वाट मोकळी झाली. तिला नेलं. झोका खाली नव्हता, वर नव्हता, भिंतीला लागून मुकाट्यानं पडला होता. गाडीपाशी पोचलो, तिला आत ठेवलं, लोक चढायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, चलो."

मी म्हटलं, "थांब."

मागं फिरलो. पोरगा मागून आला, "पप्पा, क्यां जाव छो?" बहीण रडत म्हणाली, "दादा, लोक काय म्हणतील? वहिनी गाडीत आहे!"

"तिला माहीत आहे," मी म्हटलं. "खोललेलं ती तसं टाकून कधी गेली नाही."

आणि परवा अखाजी. मी नसतो लावला तर कोण लावणार होतं? ते पाइप कोणी लुगड्यात गुंडाळून ठेवले असते, मग एखाद्या दिवाळीला भंगारात गेले असते. ज्या बाया आत्ता रडत उभ्या होत्या, त्या परवा दारात मिरच्या निवडत बसल्या असत्या. वऱ्हाडातली ती सून, आता तिला दोन पोरं आहेत, तिनं पदर खोचला आणि पाइप उचलला. मग बाकीच्यांनी.

पाय लावले. आडवा पाइप चढवला. आता आवळायचं. खोलण्यात एवढं नाही, आवळण्यातच माझी खोड. एक फिरकी दिली आणि थांबलो. वऱ्हाडातली सून मोरीतून चमचा घेऊन आली, हात पुढं केला. तिला न सांगता कळलं.

पोराला म्हटलं, "त्या टोकाला जा. तळहात लाव."

तो गेला. हात लावून उभा राहिला. कटर अजून त्याच्या दुसऱ्या हातात होता, तो त्यानं खाली ठेवला.

मी टक् केलं. "उनं का?"

त्यानं मान हलवली. नाही.

मी चावी घातली. अर्धी फिरकी. थांबलो. गाल लावला. पुन्हा थोडी. पुढं जायचा हात होत होता, बळेच बाहेर काढली.

टक्. "उनं का?"

तो हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. ह्या पोराच्या तोंडून अहिराणी मी तो शाळेत जायला लागल्यापासून बघितली नव्हती.

"उनं," तो म्हणाला. "उनं, पप्पा."

मग दुसरा जोड, मग तिसरा, सगळे. प्रत्येकाला त्यानं तेच सांगितलं. दोर बांधला, फळी लावली. बायका बघत होत्या, कोणी पुढं आलं नाही, येणारही नव्हतं. मी धोतराच्या सोग्यानं फळी पुसली, बसलो आणि दोन्ही पाय उचलले. झोका गेला, आला. गाठीवरून माझी सावली गेली आली.

"काही वाजतं का रे?" मी पोराला विचारलं.

त्यानं मान वर करून ऐकलं, तिच्यासारखं. म्हणाला, "नाही वाजत."

मी उतरलो. चावी कानावर अडकवली आणि गाडीत जाऊन तिच्याशेजारी बसलो.